भिकंभटाला मूल नव्हतं

२९ ऑक्टोबर १९३३

आज इंदूने हेलेनाबाईंना 'मावशी' म्हटलं. ओळख अवघी नऊ दिवसांची. मी दोन महिने रोज माझी शिकवायची शाळा सुटल्यावर खाडी ओलांडून भाट्याला त्यांच्याकडे जाते, त्यांना मराठी शिकवते, कागद लिहून देते, आणि अजून 'बाई'च म्हणते. त्या रागावल्या नाहीत. उलट शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, म्हणजे आईची बहीण ना? मी होय म्हटलं. अर्थ सांगायला मी, नातं लावायला ती.

आणि इंदूला तिथे नेलं कोणी? मीच. बाईंना त्यांच्या पुस्तकासाठी जुन्या घरांच्या कुळकथा हव्या होत्या. माझ्या ओळखीत असं घर एकच, इंदूच्या वडिलांचं, भाऊसाहेब वकिलांचं. धोंडा आपणच उचलला आणि आपल्याच पायावर टाकला.

२ नोव्हें.

आज बाईंनी त्यांच्या लोकांची कथा सांगितली, मी लिहून घेतली. त्या पोलंड देशातल्या सरदार घराण्यातल्या. त्यांचे सरदार म्हणत, आम्ही इथले नव्हेच. काळ्या समुद्रापलीकडच्या गवताळ मुलखातून सार्मत नावाचे घोडेस्वार आले, त्यांनी देश जिंकला, आम्ही त्यांचे वंशज. म्हणून पोशाख इराणी-तुर्की धाटणीचा, कंबरेला रेशमी पट्टा, आणि डोकी भादरून वर एक झुबका. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच. शेंडी कशी असते ते चित्र काढून दाखवलं. खूप हसल्या. (इंदू आज नव्हती.)

मग शेती कोण करत होतं, असं विचारलं. बाई म्हणाल्या, ते निराळ्या वंशाचे. सरदार एका बापाचे, कुणबी दुसऱ्याच, शापित बापाचे, असं पुस्तकात छापलेलं असे. जमीन एक, बोली एक, देव एक. वंश मात्र दोन.

संताप आला. जन्माने कोणी थोर नसतो, हे मी कॉलेजात निबंधात लिहिलं होतं आणि त्याला बक्षीस मिळालं होतं. बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, निबंध आणून दाखव. दाखवला नाही. आज वाचला तर फार पोरकट वाटला.

५ नोव्हें. रविवार

सकाळभर आबांबरोबर मुद्रितं तपासली. आबा छापखान्यात खिळे जुळवतात, बावीस वर्षं झाली. आता डोळे अधू झालेत, म्हणून मालकांच्या परवानगीने मुद्रितं रविवारी घरी येतात आणि त्यांची लेक म्हणून मी वाचते. सध्या काम भाऊसाहेबांच्या कुलवृत्तांताचं. म्हणजे इंदूचे पूर्वज आमच्याच ओटीवर, आमच्याच चटईवर पसरलेले. अकरा पिढ्या. अकरावीत 'कन्या इंदुमती, सुशील, गृहकृत्यदक्ष, मराठी सहा इयत्ता व इंग्रजी मॅट्रिकपर्यंत शिक्षण'.

गृहकृत्यदक्ष. परवा तिच्या हातून दूध उतू गेलं ते मी पाहिलं आहे.

आबांना विचारलं, आपल्या किती पिढ्या ठाऊक? आबा म्हणाले, माझे आजे माडावर चढायचे. त्यांच्या आधीचे खाली होते की वर, कोणी लिहून ठेवलं नाही.

आम्ही भंडारी. कोणी म्हणतं पूर्वज आरमारात होते. आबा म्हणतात, असतील. ह्यापलीकडे आबांना त्यात रस नाही. खिळा उलटा बसला तर मात्र त्यांना जेवण जात नाही.

११ नोव्हें.

मोठी गोष्ट.

बाई जानेवारीअखेर परत जाणार. त्यांच्या विद्यापीठाने एका हिंदी मुलीसाठी वर्षभराची सोय केली आहे. राहणं, शिकणं, बाईंच्या पुस्तकात मदत. मुलगी बाईंनी निवडायची. हे त्यांनी आम्हा दोघींना एकदमच सांगितलं. मला आधी, एकटीला, सांगायला काय हरकत होती?

मी बी.ए. घरातली पहिली. घरातली कसली, आमच्या आळीतली पहिली. इंदू मॅट्रिक. हिशेब सरळ दिसतो. पण बाईंचा हिशेब माझ्यासारखा नसतो.

भाऊसाहेब सुधारक आहेत. सहभोजनाला जातात, मुलीला परदेशी पाठवायला नाही म्हणणार नाहीत. हेही इंदूनेच सांगितलं, न विचारता.

१९ नोव्हें.

होडीत दाऊदभाई. बाईंचं भाट्याचं घर त्यांचंच, होडीही त्यांची. बाईंचं काम काय ते विचारत होते. मी सांगितलं. बाईंचे पूर्वज घोड्यावरून आले म्हणतात. दाऊदभाई म्हणाले, आमचे अरबस्तानातून गलबतात बसून आले. वकिलांचे दर्यातून आले. तुमचे आरमारातून. "सगळ्यांचे पूर्वज बाहेरून आले, तर बाय, हितं भात लावीत व्हता कोण?"

बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं. माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं, असं वाटलं. मग म्हणाल्या, हे दाऊदभाईंच्या नावावर लिहिते. बरोबरच आहे.

मग इंदू आली आणि तिने तिच्या लोकांची परशुरामाची कथा सांगितली. समुद्रातून वाहत आलेली प्रेतं, चिता, त्यातून उठलेली चौदा माणसं. मी ती कथा बाईंना सप्टेंबरातच सांगितली होती, संदर्भांसकट. तेव्हा त्यांनी टिपून घेतली होती. आज वही मिटून ऐकली.

२६ नोव्हें.

बाईंनी आज सांगितलं की त्यांच्याकडे गरीब सरदारही पुष्कळ. स्वतःच्या हातांनी नांगर धरत. पण तेव्हाही कंबरेला तलवार. लोखंडी परवडली नाही तर लाकडी. कुणब्याने दुरून पाहिलं तरी कळावं, नांगरतो आहे तो सरदार आहे. आणि कायद्याने तो मोठ्या जहागीरदाराच्या बरोबरीचा. सभेत शेकडो सरदार जमत, त्यातल्या एकाने 'मला मान्य नाही' म्हटलं की सभा मोडली. अशा सभा मोडत मोडत शेवटी देशच मोडला. तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतला.

इंदू म्हणाली, "अगदी आमच्या गावकीसारखं." बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मलाही तेच म्हणायचं होतं. मी वाक्य मनात इंग्रजीत नीट लावत होते.

३ डिसें.

बाईंनी घरचा पट्टा दाखवला. आजोबांच्या आजोबांचा, रेशमी, जरीचा, चार हात लांब. एक बाजू सणासुदीची, दुसरी सुतकाची. इतकी वर्षं पेटीत जपून देशोदेशी नेलाय. आधी माझ्या हातात दिला. मी दोन्ही हातांवर घेऊन उभी राहिले, पोथी घेतल्यासारखी. मग इंदूने तो घेतला आणि सरळ लुगड्यावरून कंबरेला गुंडाळला. मी ओरडणार होते. बाई उठल्या आणि तिला गाठ कशी मारायची ते शिकवलं. गाठ मारताना तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

घरी आले. आई म्हणाली, "तोंड का गो असं, आंबट ताक प्यायल्यासारखं?" काही नाही म्हटलं.

१० डिसें. रविवार

हे लिहू की नको.

कुलवृत्तांताची नवी पानं आली. भाऊसाहेबांच्या अक्षरातली मूळ प्रत आणि मुद्रितं, दोन्ही. प्रतीच्या दोन पानांमध्ये एक पत्र अडकून आलं होतं. सावर्ड्याकडच्या त्यांच्या मूळ गावच्या उपाध्यांचं, भाऊसाहेबांना. मी प्रतीचं पान समजून वाचायला घेतलं आणि मग थांबले नाही.

"भिकंभटजींस संतति नव्हती असे आमच्या वहीवरून व येथील वृद्धांच्या सांगण्यावरून दिसते. रामकृष्णपंत हे त्यांचे चिरंजीव म्हणून आपण लिहिता, त्यास येथे काही आधार मिळत नाही. तरी त्यांस त्या शाखेत घालणे न घालणे आपले मर्जीवर."

भिकंभट म्हणजे सहावी पिढी. रामकृष्णपंत सातवी, इंदूचे खापरपणजोबा. छापील पानावर सातवी पिढी सहाव्याला व्यवस्थित जोडलेली आहे. मर्जीवर.

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातातून काढून घेतलं, घडी घातली, होतं त्याच पानात ठेवलं. म्हणाले, न्हाव्याने डोक्यावरची खूण सांगू नये, जुळाऱ्याने कागदातली. लोक आपल्या घरातलं सगळं आमच्या हाती देतात ते ह्यावरच. मी म्हटलं, पण आबा, हे खोटं छापताय तुम्ही. आबा म्हणाले, मी प्रतीबरहुकूम छापतो.

"अनू, बोलायचं नाही. शब्द दे."

दिला.

१७ डिसें.

सहा पिढ्या उसन्या. आठवडाभर हेच डोक्यात. वर्गात मुली कविता म्हणत होत्या आणि मी फळ्यावर सहा आकडा काढला. पुसला.

वाईट वाटायला हवं. वाटत नाही. एका तऱ्हेची ऊब वाटते, चुलीजवळ बसल्यासारखी. इंदू काहीही बोलली की मनात म्हणते, भिकंभटाला मूल नव्हतं.

२१ डिसें.

बोलले.

कसं झालं ते नीट लिहिते. इंदू आली नव्हती. बाई म्हणाल्या, मी बहुतेक इंदूला नेईन. तुझं काम अधिक चांगलं आहे, पण मला तपासणारी नको, मनापासून मानणारी हवी. अकरा पिढ्या पाठीशी घेऊन ती बसते कशी, बोलते कशी, ते आमच्या लोकांनी पाहायला हवं. तुला राग येईल, पण तुझ्यापाशी गोष्ट नाही.

मी म्हटलं, त्या अकरातल्या सहा तिच्या नाहीत. आणि पत्रातली ओळन् ओळ सांगितली. पाठ होती.

मला वाटलं होतं बाई गंभीर होतील. त्यांनी चष्मा काढला आणि चेहरा एकदम तरुण झाला. हे आधी का नाही सांगितलंस? असंच तर हवं होतं मला! मग स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगितली. दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरींची रांग होती, मध्ये एक जागा रिकामी. आजोबांनी चितारी बोलावला, घोडेवाल्याला चिलखत घालून समोर बसवलं आणि एक पूर्वज रंगवून घेतला. घरात सगळे त्याला नमस्कार करत. घोडेवालासुद्धा.

दीड तास माझ्याशी बोलत होत्या. एकटीशी. मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी नाही म्हणेन.

कोणाला सांगू नका, असं मी म्हटलं का? आठवत नाही. म्हटलं असावं.

२ जानेवारी १९३४

बाई आता मला पत्राविषयी पुन्हा पुन्हा विचारतात. कागद कसला, शाई कसली, शब्द नेमके काय. पुस्तकात एक प्रकरण होईल म्हणतात. कोणाला नेणार त्याविषयी काहीच बोलत नाहीत. इंदू काल माझ्यासाठी बोरं घेऊन आली होती. खाल्ली. गोड होती.

१४ जाने. संक्रांत

भाऊसाहेबांकडे तिळगूळ. बाई, मी, कुळातली चार-पाच वडीलधारी माणसं. रविवार म्हणून आबाही, शेवटच्या भागाची मुद्रितं द्यायला आले होते, ते पडवीत टेकले होते. भाऊसाहेब कुलवृत्तांताची बांधायला निघालेली पानं सगळ्यांना दाखवत होते. खुशीत होते. बाईंना इंग्रजीत समजावत होते.

बाईंनी घोडेवाल्याच्या तसबिरीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मग त्याच हसण्यात, अगदी प्रेमाने, भाऊसाहेबांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचे रामकृष्णपंत आमच्या घोडेवाल्यासारखेच, नाही का? भिकंभटजींना मूलच नव्हतं ना."

आपल्यासारखंच दुसऱ्याचं निघालं ह्याचा त्यांना आनंद झाला होता. त्यांच्याकडे ही चेष्टा बरोबरीच्या माणसांत चालत असेल. हे मराठीत बोलल्या. मी शिकवलेल्या मराठीत. एकही चूक नव्हती.

एक म्हातारे गृहस्थ ऐकू कमी येतं म्हणून शेजारच्याला विचारत राहिले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. भाऊसाहेबांनी पानं गोळा केली. इतकंच विचारलं, हे आपल्याला कोणी सांगितलं? बाई माझ्याकडे पाहणार होत्या. अर्ध्यात मान वळवून खिडकीकडे पाहिलं. पण इंदूने ती अर्धी मान पाहिली.

पडवीतून आबांचा आवाज. "माझ्याकडून गेलं असेल, साहेब. कागद माझ्या हातात होता."

१६ जाने.

मालकांनी आबांना घरी बसवलं. चिडले नाहीत, सरळ सांगितलं की ज्या छापखान्यातून कागदातलं बाहेर जातं तिथे उद्या कोण कागद आणील? आबांनी खोट्याने का होईना, पण कबूल केलं आहे. मालकांना दुसरा मार्ग नाही.

मी आबांना म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. आबा म्हणाले, काय खरं सांगशील? की माझ्या मुलीला मी लोकांची पत्रं वाचू देतो? ते तर अजून वाईट.

शब्द दिला होतास, एवढं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. दुपारभर ओटीवर बसून चिंचेचे चिंचोके वेगळे करत होते, एकसारखे, ओळीने.

१८ जाने.

भाऊसाहेबांचा निरोप. येत्या रविवारी कुळाची बैठक आहे. त्यांच्यासमोर छापखान्याच्या माणसाने येऊन सांगावं की असं पत्र प्रतीत नव्हतं, मग ते स्वतः मालकांना सांगून आबांना कामावर घ्यायला लावतील. आबांनी ताबडतोब उत्तर दिलं, बोललो हा गुन्हा माझा, पण पत्र नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी म्हणेन. मनाशी ठरवलं. मी जाऊन सांगेन, पत्र नव्हतं, मी रचलं, मत्सराने. त्यातला एक शब्द तरी खरा आहे.

संध्याकाळी भाट्याला. बाई फार ओशाळल्या होत्या. माझे दोन्ही हात धरले. मग त्यांनी सगळं सांगितलं. भाऊसाहेब इंदूला आता पाठवणार नाहीत, तसं कळवलं आहे. म्हणजे जागा माझी. रविवारनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मांडवीहून आगबोट.

जागा माझी. दोन महिने हे शब्द ऐकायला मी काय नसतं दिलं.

मी रविवारचं ठरवलेलं सांगितलं. बाईंचे हात सैल झाले. म्हणाल्या, तू ते पत्र खोटं म्हणालीस तर माझं प्रकरण जाईल, ते जाऊ दे. पण एका कागदाविषयी आज खरं नि उद्या खोटं सांगणारी मुलगी मी विद्यापीठात कशी नेऊ? तिथे तिचा शब्द हाच पुरावा.

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, एक रीत सांगितली. त्यांच्याकडे कोणी कोणाच्या कुळाला नाव ठेवलं तर खटला चाले. ज्याच्यावर आळ त्याने बापाकडचे, आईकडचे असे सहा नातलग आणून शपथेवर वदवायचं की हा आमच्यातलाच. ते मिळाले, की आळ घेणाऱ्याने भर कचेरीत बाकाखाली शिरायचं, मी कुत्र्यासारखं खोटं बोललो म्हणायचं, आणि भुंकायचं.

विचारलं, आणि त्याचं म्हणणं खरं असलं तर? म्हणाल्या, खरं बोलणारेही पुष्कळ भुंकले. नातलग सहा कोणालाही मिळतात.

२० जाने.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी विलायतेला जायचं विचारते आहे. मग भुंकण्याची रीत सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाकाखाली शिरायला काय, आम्ही जन्मभर चुलीखाली शिरलोत. पण माझ्या घोवासाठी भुंकशील, की त्या इंदूसाठी?"

मी म्हटलं, इंदूचा काय संबंध?

"तुला तिचे पणजे नकोत गो. तिला बघून माणसं हसतात, ते हवं तुला."

उठून गेले.

खरं म्हणजे आज दिवसभर मी भाऊसाहेबांसमोर काय बोलायचं ह्याची उजळणी केली. सात-आठ वाक्यं. चांगली झाली आहेत. त्यागाची वगैरे. मध्येच लक्षात आलं की उजळणी करताना समोर भाऊसाहेब नसतात, आबाही नसतात. समोर बाई असतात आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

२१ जाने. रविवार

झालं ते असं.

बैठक माजघरात. पंचवीसेक माणसं. बाईंनाही बोलावलं होतं, त्या खुर्चीवर. मी उंबऱ्याशी उभी. आबांना सांगितलं नव्हतं, तरी ते मागून आले आणि अंगणातच थांबले. भाऊसाहेब ह्या आठवड्यात वाळलेले दिसले. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे बाईंना मी सांगितलं, हे त्यांना ठाऊक होतं. इंदूने सांगितलं नसणार, तरी ठाऊक होतं.

म्हणाले, "बोल बाळ. काय सांगायचंय ते सर्वांना ऐकू जाईल असं सांग." आवाज मऊ होता. त्यांना मला शिक्षा नको होती, फक्त पणजोबा परत हवे होते.

मी तोंड उघडलं. पहिलं वाक्य तयार होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून इंदू पुढे आली. हातात चहाची किटली तशीच. म्हणाली, "भाऊ, हिला काही विचारू नका. हिने पत्र होतं म्हटलं तर ते तुम्हाला नकोय, आणि नव्हतं म्हटलं तर ते मला नकोय."

एक काका म्हणाले, पोरीने मध्ये बोलू नये. इंदू म्हणाली, "काका, अकराव्या पिढीत माझं नाव छापलंय ना? मग एवढं बोलते. हिच्या आबांना ह्यासाठी घरी बसवायचं असेल तर माझं नाव तेवढं काढा."

किटली खाली ठेवली आणि आत गेली. चहा कोणी ओतला नाही.

भाऊसाहेब चटईवरून उठले. मग म्हणाले, बैठक पुढे ढकलू. कधी, ते नाही सांगितलं. माणसं उठली.

मी अजून उंबऱ्यातच. तोंडातलं वाक्य तोंडातच. बोलले असते का? हो. बहुतेक. आता ते कोणालाच कळणार नाही, मलाही नाही. आणि बाई. बाई आतल्या दाराकडे पाहत होत्या, जिथून इंदू गेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझी सात-आठ वाक्यं, दोन दिवस घासलेली. तिची दोन-चार, तीही किटली हातात धरून.

तिने ते माझ्यासाठी केलं. आबांसाठी केलं. हे मला कळतं. तरीसुद्धा.

परत येताना आबा म्हणाले, "ती पोर बरी आहे." मी होय म्हटलं.

२२ जाने.

आबा सकाळी नेहमीच्या वेळी अंगरखा घालून छापखान्यात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. आई म्हणाली, परत पाठवतील. आबा म्हणाले, मग परत येईन. दोन वाजून गेले, अजून आले नाहीत. घेतलं असावं. की बाहेर बाकावर बसवून ठेवलं आहे, कोण जाणे.

शाळेतून रजा घेतली. इंदूकडे जावं असं तीनदा मनात आलं. तिला एकदा तरी खरं सांगायला हवं, पत्र होतं म्हणून. तिला ते हवं आहे, काल तिनेच म्हटलं. चपला पायात घातल्या, काढल्या.

आत्ताच दाऊदभाई बाईंची चिठ्ठी देऊन गेले. दोघींनी उद्या भाट्याला यावं, बोलायचं आहे, शुक्रवारला थोडेच दिवस राहिले. बस इतकंच. काय बोलायचं, कोणाला नेणार, काही नाही.

वर दोघींची नावं. मराठीत लिहिली आहेत, अक्षर आता सुरेख वळणदार झालं आहे. इंदुमती आणि अनसूया. वर्णक्रमाने लावलं तर मराठीत काय नि इंग्रजीत काय, माझंच आधी यायला हवं होतं.